टूरिंगसाठी हलकी स्की कशी निवडावी: आल्प्समध्ये नव्याने चढू लागलेल्या मैत्रिणींसाठी

म्युनिक, इन्सब्रुक, झुरिक या भागात शिकायला किंवा नोकरीसाठी आलेल्या मराठी मुलींच्या बाबतीत मी हे नेहमी बघते. पहिल्या हिवाळ्यात पिस्टवर, म्हणजे स्कीसाठी तयार केलेल्या उतारावर, स्की शिकून होतं, दुसऱ्या हिवाळ्यात लिफ्टच्या रांगेचा कंटाळा येतो, आणि मग हरिश्चंद्रगड-राजमाची पालथे घातलेले पाय विचारू लागतात की हा डोंगर आपणच चढून का जाऊ नये? स्की टूरिंगमध्ये नेमकं तेच करतात. स्कीच्या तळाला स्किन्स, म्हणजे मागे घसरू न देणाऱ्या केसाळ पट्ट्या, चिकटवायच्या, टाच मोकळी ठेवून चढत जायचं, वर पोचल्यावर स्किन्स काढायच्या, टाच अडकवायची आणि उतरायचं.

गोंधळ सुरू होतो तो दुकानात. विक्रेता तुमची उंची बघतो, बाई आहे एवढं बघतो आणि ‘डब्ल्यू’ (विमेन, म्हणजे महिलांसाठी) छापलेल्या स्कीच्या रांगेकडे नेतो. तिथे एक जोडी उचलून बघायची, हलकी वाटली की घ्यायची, असं बहुतेकजणी करतात. माझं म्हणणं थोडं वेगळं आहे. हलकी स्की हवीच, पण दुकानातली सगळ्यात हलकी नको. पाय दमलेले असताना, पाठीवर सॅक घेऊन, खराब बर्फातही जी तुम्हाला नीट वळवता येईल, अशा स्कींमधली सगळ्यात हलकी निवडा. आणि स्की एकटी कधी निवडू नका. बूट, बाइंडिंग (बूट स्कीला धरून ठेवणारा भाग), स्किन्स आणि स्की हा एकच संच आहे, एक चुकलं की बाकीचे तीन वाया जातात.

लाल, म्हणजे मध्यम अवघड, पिस्टवर तुम्हाला समांतर वळणं न थांबता घेता येतात असं धरून मी पुढचं लिहिते आहे. तेवढं जमत नसेल तर हा हिवाळा पिस्टवरच घालवा. ताज्या, तुटक, ओल्या बर्फात स्की चालवणं पिस्टपेक्षा बरंच कठीण असतं आणि ते कुठल्याही महागड्या स्कीने सोपं होत नाही.

१. घरीच स्वतःची मापं लिहून काढा

दुकानात जाण्याआधी कागदावर इतकं हवं: तुमचं वजन, भरलेल्या सॅकचं वजन, उंची, पावलाची लांबी, आणि येत्या दोन हिवाळ्यांत तुम्ही कुठल्या प्रकारच्या डोंगरांवर जाणार आहात.

उंचीपेक्षा वजन महत्त्वाचं, हे नीट लक्षात ठेवा. स्की वाकते ती तुमच्या वजनाने, आणि वाकली तरच वळते. आपल्याकडच्या कितीतरी मुली १५५ सेंटिमीटरच्या आसपास आणि पन्नास-पंचावन्न किलोच्या असतात. ७५ किलोच्या माणसासाठी बांधलेली ताठ स्की त्यांच्या पायाखाली वाकतच नाही. मग वळण अडतं, आणि दोष स्वतःच्या तंत्राला दिला जातो.

पावलाचं माप संध्याकाळी घ्या, तेव्हा पाय थोडे सुजलेले असतात. टाच भिंतीला टेकवून उभ्या राहा, सगळं वजन त्या पायावर द्या आणि सगळ्यात लांब बोटापर्यंत मोजा. स्की बूटचा आकार मोंडोपॉइंटमध्ये असतो, म्हणजे सरळ सेंटिमीटरमध्ये. पाऊल २३.३ सेंटिमीटर असेल तर २३.५ चा बूट. युरोपियन ३७ किंवा ३८ हे आकडे इथे विसरा.

डोंगरांचं म्हणाल, तर टेगेर्नझे तलावाजवळचा हिर्शबर्ग, जिथे साधारण ९०० मीटर चढून जंगलातून आणि मोकळ्या उतारावरून खाली यायचं, किंवा ऑस्ट्रियातल्या टिरोलमध्ये प्राक्समारहून लाम्पझेनश्पिट्झं, जिथे साधारण १२०० मीटरची चढाई आहे, अशा दिवसाभराच्या सहली नवख्या लोकांच्या वाट्याला जास्त येतात. तुमची यादीही अशीच असेल तर पुढचे आकडे तुमच्यासाठीच आहेत.

२. आधी बूट घ्या, स्की नंतर

पैसे मर्यादित असतील तर ते बूटवर घाला आणि स्की गेल्या वर्षीच्या मॉडेलची, सवलतीतली घ्या. स्की थोडी चुकली तर चालवून घेता येते. बूट चावला तर दिवस तिथेच संपतो.

टूरिंगच्या बूटला पुढे आणि मागे धातूची छोटी खोबण असते, पिन बाइंडिंग त्यात अडकतं. पिस्टच्या साध्या बूटला ती नसते, त्यामुळे तुमचे जुने बूट बहुधा इथे चालणार नाहीत. महिलांच्या बूटची मागची कड जरा खाली असते आणि टाचेची जागा अरुंद असते. बायकांची पोटरी खालपर्यंत आलेली असते, त्यामुळे हा फरक खरोखर उपयोगी पडतो. स्कीच्या ‘महिला’ लेबलापेक्षा बूटच्या लेबलाला मी जास्त मान देते.

बूट घालून दुकानात वीस मिनिटं तरी वावरा. चालण्याची कळ उघडी ठेवून जिना चढा. मग कळ बंद करून, बकलं लावून गुडघे पुढे दाबा: टाच उचलली जात असेल तर बूट मोठा आहे. उभं राहिल्यावर बोटं पुढे जेमतेम टेकली आणि गुडघे वाकवल्यावर मागे सरली की माप बरोबर. आतला मऊ भाग तापवून पायाच्या आकाराचा करून देतात, ते दुकानातच करून घ्या.

सर्वसाधारण टूरिंगसाठी एका बूटचं वजन १०५० ते १३५० ग्रॅमच्या दरम्यान असावं. याहून हलके बूट शर्यतीच्या बाजूला झुकतात आणि उतरताना आधार कमी देतात. बूट आणि स्की एकाच वर्गातले हवेत, हेही ध्यानात असू द्या. हलक्या, मऊ बूटने रुंद, जड स्की वळवायला गेलं की पोटऱ्या भरून येतात आणि स्की आपल्या मनानेच जाते.

बूटच्या तळाजवळ, टाचेच्या बाजूला, मिलिमीटरमध्ये एक आकडा कोरलेला असतो, उदाहरणार्थ २६७. ही तळाची लांबी. फोनमध्ये त्याचा फोटो काढून ठेवा, बाइंडिंगच्या वेळी हाच आकडा लागतो.

३. ‘महिलांसाठी’ या शब्दाची किंमत तपासा

काही कंपन्या महिलांची स्की खरंच वेगळी बांधतात. आतला गाभा पातळ, वाक मऊ, बाइंडिंगची जागा किंचित पुढे. काही कंपन्या तोच साचा, तोच गाभा वापरतात आणि वरचा रंग बदलतात. दोन्हीत गैर काही नाही, पण आपण काय घेतोय हे कळायला हवं.

ते कळण्याचा सोपा उपाय असा. कंपनीच्या तक्त्यात पुरुषांचं आणि महिलांचं मॉडेल शेजारी ठेवा आणि एकाच लांबीतलं वजन व तिन्ही रुंदी ताडून बघा. आकडे अगदी सारखे असतील तर फरक बहुधा रंगाचाच आहे. मग जी स्वस्तात मिळेल ती घ्या. महिलांच्या मॉडेलचं वजन कमी असेल तर आतलं बांधकामही वेगळं असण्याची शक्यता जास्त.

तरीही महिलांच्या मॉडेलची एक गोष्ट आपल्यासारख्या बुटक्या मुलींना फार कामाची आहे: लांबी. पुरुषांची कितीतरी मॉडेलं १६० सेंटिमीटरच्या आसपास सुरू होतात, महिलांची १५० च्या आसपास किंवा त्याखालीही मिळतात. केवळ एवढ्यासाठी मी आधी ‘डब्ल्यू’ची रांग बघायला सांगते. डायनाफिट, एटॉमिक, ब्लॅक क्रोज, के-टू, फिशर, मूव्हमेंट यांच्या टूरिंग मालिकांमध्ये महिलांची मॉडेलं असतात. नावं आणि वजनं दर एक-दोन वर्षांनी बदलतात, म्हणून मित्राने सांगितलेल्या मॉडेलवर न जाता त्या वर्षाचा तक्ता बघा.

४. वजन: कुठे थांबायचं

पहिला सापळा इथेच आहे. काही जाहिरातींत वजन एका स्कीचं दिलेलं असतं, काहींत जोडीचं, आणि बऱ्याचदा ते ठराविक एका लांबीचं असतं. तुलना करताना दोन्ही गोष्टी सारख्या आहेत का ते बघा.

एका स्कीच्या वजनावरून ढोबळ वर्ग असे पडतात:

- १००० ग्रॅमच्या खाली: शर्यतीच्या किंवा फक्त चढाईवर भर देणाऱ्या स्की. २०२६ च्या मिलानो-कोर्टिना ऑलिम्पिकमध्ये स्की माउंटेनिअरिंग, म्हणजे स्कीवर डोंगर चढण्या-उतरण्याची शर्यत, पहिल्यांदा आलं, तेव्हापासून दुकानांत यांची चौकशी वाढली आहे. पहिली जोडी म्हणून घेऊ नका.
- १००० ते १३०० ग्रॅम: हलक्या टूरिंग स्की. अंगाने हलक्या आणि उतरणं बऱ्यापैकी जमणाऱ्या मुलींसाठी उत्तम.
- १३०० ते १५०० ग्रॅम: सगळीकडे चालणाऱ्या. शंका असेल तर यांतली खालच्या टोकाची निवडा.
- त्याहून जड: उतरण्याच्या मजेसाठी चढणाऱ्यांच्या.

आता हिशेब पूर्ण पायाचा करा. १२०० ची स्की, ३०० चं बाइंडिंग, ११५० चा बूट, एकूण २६५० ग्रॅम. दुसरीकडे १५५० ची स्की, ६०० चं बाइंडिंग, १५०० चा बूट, एकूण ३६५० ग्रॅम. प्रत्येक पायावर सरळ एक किलोचा फरक पडला, आणि १२०० मीटरच्या चढाईत ते एक किलो हजारो वेळा पुढे ढकलायचं आहे. पन्नास किलोच्या मुलीच्या पायात हा फरक ऐंशी किलोच्या माणसापेक्षा जास्त जाणवतो, कारण ते जास्तीचं वजन तिच्या ताकदीच्या मानाने मोठं असतं. गटातले इतर जड स्की घेऊन आरामात चढताना दिसतील. त्यांचं बघून ठरवू नका.

मग हजारच्या खालची का नको? फार हलकी स्की कडक, खडबडीत बर्फावर पत्र्यासारखी थरथरते. उतरताना प्रत्येक कंगोरा गुडघ्यापर्यंत येतो आणि स्कीची पोलादी कड बर्फात धरून ठेवायला जास्त जोर लागतो. चढताना वाचवलेली शक्ती तिथे खर्च होते, तीही नेमकी दिवसाच्या शेवटी, जेव्हा पडायची भीती सगळ्यात जास्त असते.

५. रुंदी: बुटाखाली किती मिलिमीटर

स्कीवर तीन आकडे लिहिलेले असतात, पुढची, मधली आणि मागची रुंदी. आपल्याला मधली बघायची.

पूर्व आल्प्समधल्या दिवसाच्या सहलींसाठी ८० ते ८८ मिलिमीटर. पहिल्या जोडीसाठी याबाहेर जाण्याचं कारण मला दिसत नाही. सकाळी वाट गोठलेली असते, तिरक्या उतारावरून जाताना पूर्ण भार वरच्या कडेवर असतो. स्की जितकी रुंद, तितकी ती कड बूटच्या मध्यापासून लांब जाते आणि घोट्याला ताण पडतो. शिवाय रुंद स्कीला रुंद स्किन लागते, म्हणजे आणखी वजन.

‘खोल बर्फात तरंगायला रुंद हवी’ हा सल्ला तुम्हाला हमखास मिळेल. तो खरा आहे, पण सल्ला देणाऱ्याचं वजन विचारा. तरंगणं हे वजन आणि पृष्ठभाग यांच्या प्रमाणावर ठरतं. ५२ किलोची मुलगी ८५ च्या स्कीवर जशी तरंगते, तसं तरंगायला ८० किलोच्या माणसाला बरीच रुंद स्की लागते. गुलमर्गला अफरवटच्या उतारांवर किंवा जपानमध्ये होक्काइडोला जाणार असाल तर गोष्ट वेगळी. तिथल्या बर्फासाठी ९५-१०० किंवा त्याहून रुंद स्की तिथेच भाड्याने घ्या. आल्प्ससाठीची जोडी त्या एका सहलीकडे बघून निवडू नका.

६. लांबी

हलक्या टूरिंग स्कीसाठी उंचीपेक्षा ५ ते १० सेंटिमीटर कमी, हे सुरुवातीचं माप. १५६ उंचीच्या मुलीला १४६ ते १५१. वजन उंचीच्या मानाने कमी असेल किंवा उतरताना अजून घाबरायला होत असेल तर खालचं टोक, वेगाने जाणं आवडत असेल तर वरचं.

लांबीचा खरा कस लागतो किक टर्नमध्ये. उतार तीव्र झाला की नागमोडी चढावं लागतं आणि प्रत्येक कोपऱ्यावर जागच्या जागी दिशा बदलावी लागते. वरचा पाय उचलून स्की नव्या दिशेला ठेवायची, त्यावर भार द्यायचा, मग खालच्या बूटची टाच मागे हलकेच झटकायची, म्हणजे स्कीचं पुढचं टोक वर उठतं, आणि ती स्की पहिल्या पायाच्या मागून फिरवून आणायची. स्की पाच सेंटिमीटर जास्त लांब असली तर तिचं टोक नेमकं या शेवटच्या क्षणी बर्फात किंवा दुसऱ्या बूटवर अडकतं. बाइंडिंग बसवलेल्या जोडीवर दुकानातल्या गालिच्यावर हे करून बघायला सांगा. चांगलं दुकान नाही म्हणत नाही.

फार आखूडही नको. पाठीवर नऊ-दहा किलो असताना आखूड स्कीचं टोक ताज्या बर्फात बुडतं.

७. हातात घेऊन बघा

लाकडी गाभा पावलोनियाचा असेल तर स्की हलकी, पॉप्लर किंवा अ‍ॅशची जोड असेल तर जरा जड पण शांत. कार्बनने ताठपणा येतो. ‘पूर्ण कार्बन’ वाचून हुरळून जाऊ नका, हलक्या मुलीसाठी ती स्की अति ताठ असू शकते.

स्कीचं शेपूट जमिनीवर टेकवा, एका हाताने टोक धरा आणि दुसऱ्या तळहाताने मध्ये दाबा. पुढचा एक तृतीयांश भाग सहज वाकायला हवा, बुटाखालचा भाग नाही. दोन-तीन मॉडेलं एकामागून एक दाबली की फरक हाताला कळतो. मग दोन्ही स्की तळाला तळ लावून धरा. पुढचं टोक थोडं आधीपासून उचललेलं असेल आणि मध्ये फट दिसत असेल तर नवख्या टूरिंगसाठी तो आकार चांगला. टोक बर्फावर राहतं आणि मधला भाग पकड देतो. शेपूट मात्र बऱ्यापैकी सपाट हवं, स्किनची क्लिप तिथे बसते आणि बर्फात स्की उभी खोचता येते.

८. बाइंडिंग: इथे घाई नको

टिरोलच्या फ्रिट्झ बार्थेल यांनी १९८० च्या दशकात पिन बाइंडिंगची कल्पना आणली आणि डायनाफिटने ती बाजारात नेली. आज हलकं टूरिंग म्हणजे बहुतेक वेळा पिन बाइंडिंगच. पुढच्या दोन पिना बूटच्या खोबणीत बसतात, चढताना बूट त्यांच्यावर फिरतो, उतरताना मागच्या दोन पिना टाच धरतात.

आपल्यासाठी सगळ्यात महत्त्वाचा आकडा म्हणजे सुटण्याचं मूल्य. पडल्यावर पाय मोडण्याआधी बाइंडिंगने बूट सोडायला हवा, आणि तो किती जोराला सोडावा हे वजन, उंची, वय, कौशल्य आणि बूटच्या तळाची लांबी यांवरून तक्त्यातून काढतात. पन्नास-पंचावन्न किलोच्या नवशिक्या मुलीचं मूल्य साधारण ३ ते ५ मध्ये येतं. आणि बाजारातली कितीतरी हलकी बाइंडिंग ५ पासून सुरू होतात! विक्रेता ‘सगळ्यात खालच्या आकड्यावर लावून देतो’ म्हणाला तर तो आकडा तुमच्या मूल्याइतका खाली येतो का, हे विचारा. डायनाफिटची काही बाइंडिंग ४ पासून आहेत. सॅलोमन आणि एटॉमिकच्या हलक्या पिन बाइंडिंगमध्ये महिलांसाठी वेगळी, मऊ स्प्रिंग मिळते. इतर कंपन्यांमध्येही मऊ स्प्रिंगचे पर्याय असतात, पण ते मागावे लागतात. यासाठी पन्नास ग्रॅम जास्त पडले तरी पडू देत.

आणखी काही गोष्टी विचारून घ्या:

- मागचा भाग पुढेमागे किती सरकतो? २५-३० मिलिमीटर सरकत असेल तर उद्या बूट बदलले तरी नवी भोकं पाडावी लागणार नाहीत. शर्यतीच्या बाइंडिंगला ही सोय नसते.
- बूट सुटल्यावर स्की निसटून जाऊ नये म्हणून ब्रेक आहे की दोरी? पहिल्या जोडीला ब्रेक घ्या. ब्रेकची रुंदी स्कीच्या मधल्या रुंदीपेक्षा थोडी जास्त हवी, फार जास्त नको.
- चढताना टाचेखाली येणारा आधार किती पातळ्यांचा? सपाट आणि त्यावर दोन उंची असतील तर पोटऱ्यांना आराम मिळतो.
- मानक कुठलं? टूरिंग बाइंडिंगसाठीचं आयएसओ १३९९२ पाळलेलं असेल तर कंपनी ते लिहितेच.

बाइंडिंग स्वतः घरी बसवू नका. साच्यावर ठेवून भोकं पाडायची असतात, आणि हलक्या स्कीमध्ये स्क्रू धरणारी पट्टी ठराविक जागीच असते. कंपनीने खूण केलेल्या जागेवरच बसवायला सांगा. बसवून झाल्यावर सेटिंगचा कागद घ्या, पुढच्या हंगामात तो दाखवावा लागतो.

९. स्किन्स आणि कडक बर्फासाठीची दातेरी पट्टी

मोहेर म्हणजे अंगोरा शेळीचे केस, ते चांगले घसरतात आणि हलके असतात. नायलॉन जास्त पकडतं आणि जास्त टिकतं. मिश्र स्किन, ज्यात मोहेर साधारण ६५-७० टक्के असतं, ही नवख्या हातांना ठीक. तुमच्या स्कीच्या मॉडेल आणि लांबीसाठी आधीच कापलेली मिळाली तर तीच घ्या. सुटी घेतली तर कापताना दोन्ही बाजूंची पोलादी कड उघडी राहील एवढं बघा, नाहीतर तिरक्या उतारावर स्की घसरेल.

हार्शआयझन, म्हणजे बाइंडिंगखाली अडकणारी दातेरी पट्टी, बहुतेकजणी ‘नंतर बघू’ म्हणतात. मार्च-एप्रिलमध्ये रात्री गोठलेल्या उतारावर सकाळी ती नसेल तर परतावं लागतं, म्हणून संचासोबतच घ्या. ती बाइंडिंगच्या कंपनीची आणि तुमच्या स्कीपेक्षा काही मिलिमीटर रुंद हवी. हलक्या अंगाच्या मुलीची कड कडक बर्फात कमी रुतते, त्यामुळे ही पट्टी आपल्याला गटातल्या बाकीच्यांपेक्षा लवकर लावावी लागते. कुणी हसलं तरी लावा.

१०. आधी भाड्याने, मग विकत

नवा संच, म्हणजे स्की, बाइंडिंग, स्किन्स आणि बूट, साधारण १५०० ते २००० युरोपर्यंत जातो. एवढे पैसे घालण्याआधी दोन-तीन वेगवेगळ्या जोड्या भाड्याने घेऊन बघा, शक्यतो स्वतःच्या बूटसह. जर्मन अल्पाइन क्लबच्या काही शाखा सभासदांना साहित्य भाड्याने देतात, आणि क्लबच्या सभासदत्वात डोंगरातल्या सुटकेचा विमाही येतो. भाड्याची स्की परत करताना तिचं मॉडेल, लांबी आणि त्या दिवशीचा बर्फ कसा होता हे टिपून ठेवा. मऊ बर्फात सगळ्याच स्की छान वाटतात, कडक बर्फावरचं मत जास्त मोलाचं.

हंगाम संपताना, मार्च-एप्रिलमध्ये, दुकानं किमती उतरवतात. मात्र १५० च्या आसपासच्या लांब्या थोड्याच असतात आणि लवकर संपतात, म्हणून आवडलेलं मॉडेल आधीच हेरून ठेवा.

वापरलेली घेत असाल तर कडेला तडा किंवा खोल गंज आहे का, तळाला गाभा दिसेपर्यंत खड्डा आहे का, शेपटाचे थर सुटलेत का आणि जुन्या भोकांच्या किती जोड्या आहेत ते बघा. भोकांच्या दोन जोड्या असतील तर सोडून द्या. बाइंडिंगच्या मॉडेलबद्दल कंपनीने कधी सुरक्षेची सूचना काढली आहे का, तेही शोधा. जुने बूट शक्यतो नकोच, प्लॅस्टिक वर्षांनी ठिसूळ होतं.

११. दुकानात जाताना सोबत काय हवं

- मापांचा कागद: वजन, उंची, वय, पावलाची लांबी
- स्वतःचे बूट, किंवा तळाच्या लांबीच्या आकड्याचा फोटो
- टूरिंगमध्ये वापरणार ते पातळ मोजे
- भाड्याने घेणार असाल तर ओळखपत्र आणि क्लबचं कार्ड
- आधी वापरलेल्या स्कीच्या नोंदी
- गुडघ्याला जुनी दुखापत असेल तर त्याची माहिती, ती तंत्रज्ञाला आधीच सांगा

शनिवारी दुपारी जाऊ नका. आठवड्यातल्या सकाळी तंत्रज्ञ मोकळा असतो आणि प्रश्नांची उत्तरं नीट मिळतात.

१२. स्कीइतकेच पैसे इथेही ठेवा

हिमस्खलनाचा बीकन (गाडलेल्या माणसाचा संकेत पाठवणारं आणि शोधणारं यंत्र), धातूचं फावडं आणि किमान २४० सेंटिमीटरचा प्रोब (बर्फात खुपसून माणूस शोधायची घडीची काठी). ही तिन्ही साधनं नसतील तर पिस्टबाहेर जाऊ नका. बीकन तीन अँटेनांचा, ४५७ किलोहर्ट्झवर चालणारा. फोन त्याच्यापासून चालताना २० आणि शोधताना ५० सेंटिमीटर तरी लांब ठेवा. गाडलेल्या माणसासाठी पहिली दहा-पंधरा मिनिटंच निर्णायक असतात. तेवढ्या वेळात बाहेरून मदत पोचत नाही, शोधायचं असतं ते सोबतच्यांनीच. म्हणून साधनं घेण्याबरोबर एक-दोन दिवसांचा अभ्यासवर्ग कराच.

टिरोल, दक्षिण टिरोल आणि त्रेंतिनो यांचं एकत्र हिमस्खलन-पत्रक रोज संध्याकाळी पाच वाजता निघतं. धोक्याची पातळी १ ते ५ मध्ये असते. नवख्या असताना ३ आली की ३० अंशांहून तीव्र उतार त्या दिवसाच्या यादीतून काढून टाका. १ किंवा २ असतानाही कुठल्या दिशेच्या उतारांवर आणि किती उंचीच्या वर धोका आहे, ते वाचूनच निघा.

१३. पहिल्या चढाईच्या दिवशी

आदल्या रात्री घरी बूट अडकवून-सोडून बघा. डोंगरावर बूट लावण्याआधी खोबणीतला बर्फ काठीच्या टोकाने काढा. पुढच्या पिना लागल्याचा आवाज आला तरी लगेच विश्वास ठेवू नका. टाच वर उचलून पाय चार-पाच वेळा फिरवा, खोबणीत बर्फ राहिला असेल तर बूट तिथेच निसटतो. मगच पुढच्या खटक्याची चढाईची कुलूप-स्थिती लावा, म्हणजे चढताना बूट सुटत नाही.

उतरण्याआधी ते कुलूप काढलंच पाहिजे. कुलूप लावलेल्या पुढच्या भागातून बूट सुटत नाही. साध्या पडण्यात त्याने गुडघा जाऊ शकतो, हिमस्खलनात स्की पायाला अडकून तुम्हाला खाली ओढतात. शिखरावर थंडी आणि फोटोंच्या गडबडीत हे विसरलं जातं, म्हणून जोडीदाराने एकमेकींचे पुढचे खटके बघायची सवय लावून घ्या. फक्त चुकून पाय सुटला तर जीवाला धोका असलेल्या जागी अनुभवी लोक कुलूप लावून उतरतात. नवख्या असताना तशा जागी जायचंच नाही.

काढलेल्या स्किन्स जॅकेटच्या आत, पोटाशी ठेवा. त्याच दिवशी दुसरी चढाई असेल तर थंड पडलेला गोंद चिकटत नाही. घरी आल्यावर त्या हीटरवर न टाकता सावलीत वाळवा, स्कीच्या कडा कोरड्या फडक्याने पुसा, आणि पहिल्या दोन-तीन सहलींनंतर जोडी दुकानात नेऊन बाइंडिंगचे स्क्रू आणि सुटण्याचं मूल्य पुन्हा तपासून घ्या. नव्या जोडीचे स्क्रू सुरुवातीला सैल पडू शकतात.